पतंगाच्या दुकानातील वाजवी भाव

दुकानदाराने आपल्या मालास काय भाव लावला असता तो न्यायाचा म्हणावा, हा प्रश्न निघाला म्हणजे आमच्या मंडळ्यांतील लोक साधारणतः ज्वारी, तेल, कापड अशा गरजेच्या जिनसांचा विचार करतात. आम्ही आज पतंगाच्या दुकानाचा विचार करण्याचे योजिले आहे. कोणी म्हणेल, हा काय पोरखेळ! परंतु पोरखेळातच हा प्रश्न अधिक उघडा पडतो. साबणाच्या वडीवर व चहाच्या पुड्यावर कमाल किंमत छापलेली असते, आणि तीहून अधिक घेणारास कायद्याचे भय असते. सुट्या पतंगावर कोणी काही छापीत नाही. अमरावतीस किंवा अकोल्यास पौष महिन्यात जी लहान लहान दुकाने पतंग, मांजा आणि चक्री मांडून बसतात, त्यांत भाव ठरविणारा एकटा दुकानदार असतो. आणि त्याच्या समोरचे गिऱ्हाईक बहुधा दहा वर्षांचे, मुठीत घामेजलेली नोट धरून उभे असलेले.

लोकांत एक उत्तर फार प्रचलित आहे. ते असे की, घेणाऱ्याने राजीखुषीने जे दिले तो भाव न्यायाचा. कोणी त्याचा हात धरून पैसे काढून घेतले नाहीत. हे उत्तर दुकानदाराच्या गादीवरून बरे दिसते. पण वऱ्हाडातील शेतकऱ्यास त्याची दुसरी बाजू ठाऊक असावयास पाहिजे, कारण त्याच्या वाडवडिलांनी ती सोसली आहे. कापसाची गाडी घेऊन तो बाजारात येई, आणि व्यापारी व दलाल हातावर उपरणे टाकून त्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव करीत. ज्याचा माल त्यालाच तो भाव शेवटी कळे. मग मापात काही जाई, धर्मादायाच्या नावाने काही जाई. तोही राजीखुषीनेच विकीत होता. गाडी रिकामी केल्यावाचून परत नेणे त्यास परवडत नव्हते, एवढेच.

सांप्रत वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ साली सरकारी नियमांखाली कापसाचा बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडाकरिता कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला. हा कायदा केवळ कुणब्याच्या कळवळ्याने झाला असे आम्ही म्हणत नाही; मँचेस्टरच्या गिरण्यांस स्वच्छ कापूस बेताच्या भावाने पाहिजे होता, हे त्याचे मोठे कारण होते. तथापि त्यापासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बाजारसमितीने कापसाचा भाव स्वतः ठरवून दिला नाही. तिचे काम बाजाराची जागा, मापारी, दलाली व कापली जाणारी रक्कम यांस नियम लावण्याचे होते. १९२८ साली शेतकीविषयक शाही आयोगाने आपला अहवाल दिला, तेव्हा वऱ्हाडच्या ह्या बाजारांकडे बोट दाखवून असे बाजार इतरत्रही व्हावेत अशी शिफारस केली. म्हणजे न्यायाचा आरंभ आकड्यापासून न होता उपरणे काढून टाकण्यापासून झाला. हेच आम्हांस पतंगाच्या दुकानास लावावयाचे आहे.

दुकानदाराचा हिशेब उघडा केला तर त्यात काय दिसेल? उदाहरणार्थ असे धरू की, शंभर पतंगांची गड्डी ठोक भावाने त्यास चारशे रुपयांस पडली. म्हणजे नग चार रुपये, असे गिऱ्हाईक म्हणेल. परंतु कागद तो कागद. दहा नग वाटेत व हाताळण्यात फाटतात, आणि वीस नग संक्रांत झाल्यावर तसेच पडून राहतात. पुढल्या वर्षापर्यंत उंदीर आणि दमट हवा त्यांची काय दशा करितात, हे सांगणे नको. तेव्हा उरलेल्या सत्तर पतंगांवर चारशे रुपयांचा भार आला, आणि नग पावणेसहाच्या घरात गेला. अजून दुकानाचे भाडे, दिवाबत्ती आणि त्याची स्वतःची मेहनत राहिलीच. त्याने आठ रुपये भाव लावला तर सर्व गड्डीमागे त्यास एकशे साठ रुपये उरतील. ज्याने केवळ चार आणि आठ हे दोन आकडे पाहिले तो त्यास दामदुप्पट घेणारा म्हणेल, आणि ते अन्यायाचे होईल. तोट्यात विकून दुकान बुडविणे ही काही दया नव्हे. पुढल्या संक्रांतीस त्याच पोरांस दुसऱ्या पेठेत जावे लागेल.

पण मेहनतीचे किती धरावे? १५२४ साली मार्टिन लूथर यांनी व्यापारावर एक निबंध लिहिला. आपला माल जितका महाग विकता येईल तितका विकावा, ह्या व्यापाऱ्यांच्या नियमास त्यांनी त्यात कडक दोष दिला. जितका विकणे योग्य तितकाच विकावा, असे त्यांचे म्हणणे. काटेकोर आकडा लिहून देता येत नाही हे त्यांस मान्य होते. तरी खर्च, श्रम व धोका धरावा, आणि श्रमाचे मोल पाहण्यास दुसऱ्या कामावरचा मजूर दिवसाकाठी काय मिळवितो ते पाहावे, अशी सोपी रीत त्यांनी सुचविली. ही रीत आम्हांस फार आवडते. आमच्याकडे कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकून काय नेते, हे दुकानदारास ठाऊक असते. त्याने आपला दिवस तिच्या दिवसाशेजारी ठेवून पाहावा. दोन्ही सारखेच असले पाहिजेत असे नाही. पण शेजारी ठेवण्याची लाज वाटू लागली, म्हणजे काय समजावयाचे ते त्याचे त्यास समजेल.

आता संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. पेठेतील माल संपत आला आहे, पोरांची झुंबड आहे, आणि आठाचा पतंग पंधरास सहज जातो. अर्थशास्त्र जाणणारे म्हणतील, टंचाईत भाव चढला म्हणजेच नवा माल येतो. धान्याच्या बाबतीत ह्यात तथ्य आहे. पण त्या रात्री नवा पतंग कोठून येणार? तेथे चढलेला भाव माल आणीत नाही, केवळ खिसा चाचपतो. तेराव्या शतकातील पंडित थॉमस अक्विनस (ते आमच्या पंथाच्या जन्मापूर्वीचे, पण शहाणपणास पंथ नसतो) ह्यांनी याचा निवाडा असा केला आहे : वस्तू दिल्याने विकणाऱ्याचे काही विशेष नुकसान होत असेल तर ते त्याने भावात धरावे, परंतु घेणाऱ्याची निकड ही घेणाऱ्याची आहे, आणि जे आपले नाही ते विकण्याचा विकणाऱ्यास अधिकार नाही. म्हणून ठोकवाल्याने भाव चढविला असेल तर चिल्लरवाल्याने चढवावा, त्यास आम्ही दोष देत नाही. पोराचे डोळे पाहून चढवू नये. तसे केल्याने एखादा श्रीमंताचा मुलगा सर्वच माल उचलून नेईल, अशी शंका निघेल. त्यावर उपाय साधा आहे : दरडोई नग मोजून द्यावेत.

सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्स यांच्या अनुयायांनी, ज्यांस क्वेकर म्हणतात, घासाघीस सोडून एकच भाव सांगण्याचा परिपाठ घातला. आरंभी त्यांची गिऱ्हाइके तुटली. मग लोकांच्या ध्यानात आले की, ह्यांच्या दुकानी लहान मूल पाठविले तरी ते फसत नाही. तेव्हा तीच गिऱ्हाइके परत आली. आमच्या पतंगवाल्यास तर मुलांवाचून दुसरे गिऱ्हाईकच थोडे! पाटीवर भाव लिहून ठेवण्यास खडूचा एक तुकडा लागतो. पाटी असली म्हणजे खेड्यावरून आलेल्या पोरास एक आणि वकिलाच्या मुलास दुसरा भाव सांगता येत नाही. एखाद्या गरिबाच्या लेकरास दोन रुपये सोडले तर तो पक्षपात होय काय? आम्हांस तसे वाटत नाही, कारण ते त्याने आपल्या पदरचे सोडले. मात्र ते दोन रुपये पुढच्या अजाण गिऱ्हाइकाकडून काढले, तर दान एकाचे आणि नाव दुसऱ्याचे झाले.

घेणाऱ्याच्या अंगीही ह्यात पाप असते. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात मालास नावे ठेवून मग वाटेने आपली फुशारकी मारणाऱ्या गिऱ्हाइकाचे वर्णन आहे. तो मनुष्य दर बाजारास आम्हांस भेटतो. कित्येक उपदेशकही आपल्या पदाच्या भिडेवर दुकानदाराकडून दोन पैसे सोडवून घेतात. त्या भिडेचा भार कोणाच्या खात्यात लिहिला जातो, हे त्यांनी पाहावे.

राहता राहिला नायलॉनचा मांजा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो लपूनछपून विकला जातो. कारण तो सुती मांज्याहून चिवट असून तुटत नाही, आणि पोरांस काटाकाटीत जिंकावयाचे असते. येथे विकणारा राजी, घेणारा राजी, भावही कदाचित वाजवी. परंतु ज्याच्या गळ्यावर तो दोरा रस्त्यात फिरतो त्या दुचाकीवाल्यास, किंवा झाडात पंख अडकून लोंबणाऱ्या घारीस, ह्या सौद्यात कोणी विचारले नव्हते. त्यांच्या वाटणीची रक्कम कोणत्याही पाटीवर लिहिता येत नाही. ज्या दुकानदाराने तो ठेवण्याचे सोडले आहे, त्याच्या दारावरून पोरे सुती रीळ न घेता पुढच्या गल्लीत जातात, आणि त्या महिन्याचा त्याचा गल्ला हलका होतो. तो तोटा त्याने सुती मांज्याच्या भावावर चढवू नये, आणि आम्ही गिऱ्हाइकांनी मात्र मुलांस घेऊन त्याच्याच दुकानी जावे.