मोकळीक देणारी भेट

आपल्यापैकी कित्येकांचे लेकी-जावई, मुलगे-सुना आज परदेशी आहेत. लग्नाला वर्ष होत नाही तोच दोघेही नोकरीच्या रगाड्यात सापडतात. अशा जोडप्याला शनिवार-रविवारची सहल भेट द्यावी, ही इच्छा शास्त्राला धरूनच आहे.

अनुवाद २४:५ वाचा. नवविवाहिताने वर्षभर युद्धावर जाऊ नये, त्याच्यावर कसलेही काम लादू नये. त्याने घरी राहून पत्नीला आनंदित करावे. ही मोकळीक फुकटची नव्हे. त्याच्या वाट्याचा भार इतर उचलतात.

मुले इंग्लंडात असतील तर ईशान्य किनाऱ्यालगतचे लिंडिसफार्न बेट निवडावे. संत एडन यांनी इ. स. ६३५ मध्ये तेथे मठ स्थापिला. बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. म्हणून भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच प्रवास ठरवावा, खोली आधीच राखून ठेवावी.

परंतु पैसे भरून आपण तासातासाला फोन केला, छायाचित्रे मागितली, नातवंडाचा विषय काढला, तर दिलेली मोकळीक आपणच हिरावून घेतो. प्रभू येशूने थकलेल्या शिष्यांना एकांती विसावा घ्यावयास बोलाविले (मार्क ६:३१). गर्दी मागोमाग आली, तेव्हा तिचा भार त्याने स्वतः वाहिला. आपणही ते दोन दिवस आपली काळजी मुलांवर न टाकता प्रार्थनेत प्रभूवर टाकावी. असे देण्याची कृपा तो आपणां सर्वांस देवो.