लहान मुलाची मूठ

एका डब्यात किती मुठी तांदूळ मावतात, असा प्रश्न दुसरीच्या वर्गात टाकला की भांडण ठरलेलंच. एकाच्या अठरा भरतात, शेजारचीच्या तेवीस. डबा तोच, तांदूळ तेच. बाईंना नेमकं हेच हवं असतं; मग लिटरचं माप पुढे येतं आणि धारकतेचा धडा सुरू होतो. माप सगळ्यांचं सारखं हवं. बाजारानं हा धडा तसा उशिराच गिरवला. चिपटं, मापटं, शेर, पायली ही मापं गावागणिक बदलत. कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळांचा. १९५६ च्या कायद्यानं देशाला मेट्रिक मापं दिली.

आणि जवळपास त्याच सुमारास विनोबा भावे यांनी उलटी वाट धरली. वर्धा जिल्ह्यातलं पवनार हे त्यांचं ठिकाण, पण तेव्हा ते भूदानाच्या पदयात्रेवर होते. घरोघरी एक सर्वोदय-पात्र ठेवा, त्यात रोज मूठभर धान्य टाका, असं त्यांनी सांगितलं. मूठ कोणाची? घरातल्या सर्वांत लहान मुलाची.

विनोबांना गणिताचं वेड होतं, तेव्हा हे अडाणीपणानं झालं असं म्हणायची सोय नाही. हिशेबाच्या दृष्टीनं ही मूठ अगदीच बेभरवशाची. मूल वाढेल तशी तीही वाढणार. पाळण्यात नवं बाळ आलं आणि चिमूटभर पकडू लागलं, की माप पुन्हा लहान. तरीही तिच्यात एक न्याय आहे. बापाची मूठ असती तर सुगीत सैल आणि टंचाईत आवळलेली पडली असती. मुलाला घरातल्या कणगीत किती आहे हे ठाऊक नसतं.

पण दान मोजायचं तरी का? या हाताचं त्या हाताला कळू नये, असं आपण म्हणतो. गुप्तदानाला मान देतो आणि पावती मागणाऱ्याला हसतो. वर्ध्यात या समजुतीला बराच धक्का बसलेला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी इथे शिक्षण परिषद भरली, तिच्यातून झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि उद्योगातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, उभी राहिली. या योजनेत टकळीवर कातणारं मूल सुताचं मोजमाप आपसूक शिके. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. एका गुंडीत ६४० तार, म्हणजे २,५६० फूट सूत. गांधीजींच्या निधनानंतर विनोबांनी सूतांजली मागितली तीही वर्षाला एक गुंडी. श्रद्धांजलीचीसुद्धा लांबी ठरलेली! भाविकाला हे खटकेल, पण श्रद्धेला आकडा लावला की थाप मारणं अवघड होतं. ‘मी खूप कातलं’ आणि ‘माझे ४०० तार झाले’ यांत दुसरं वाक्य जास्त नम्र आहे.

सुताच्या बाबतीत हे जमलं, कारण तार मोजणारा आणि कातणारा एकच होता. जमिनीच्या बाबतीत तसं राहिलं नाही.

८ मार्च १९५१ रोजी विनोबा पवनारहून पायी निघाले आणि १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिलं शंभर एकरांचं दान मिळालं. पुढे त्यांनी पाच कोटी एकरांचं लक्ष्य ठेवलं. तेही हिशेबातून आलेलं: देशातल्या लागवडीच्या जमिनीचा सहावा हिस्सा. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, असं ते जमीनदारांना सांगत. चाळीस लाखांहून अधिक एकर जमा झाले. जगात एवढी जमीन कोणी मागून मिळवली असेल असं वाटत नाही. मात्र त्यातली बरीच खडकाळ, नापीक किंवा वादात अडकलेली निघाली, आणि मोठा हिस्सा कधी वाटलाच गेला नाही.

माहितीचा तक्ता कसा वाचायचा, हे आता प्राथमिक वर्गातही शिकवतात. ‘दान आलेले एकर’ हा एकच स्तंभ असलेला तक्ता समोर ठेवला, तर चुणचुणीत मूल विचारील, यात पेरता येण्यासारखे किती? वाटले किती? ते कसणाऱ्याच्या नावावर चढले किती? एकर हे क्षेत्राचं माप. मातीचा कस त्यात धरलेला नाही आणि देणाऱ्याचं मनही नाही. एखाद्यानं दोन एकरांतला पाव एकर दिला, दुसऱ्यानं हजारातला शंभर एकर माळ दिला. नोंदवहीत दुसरा चारशे पट मोठा दाता ठरतो. पहिल्यानं आठवा हिस्सा दिला आणि दुसऱ्यानं दहावा, हे कळायला भागाकार करावा लागतो. सहावा हिस्सा मागणाऱ्या विनोबांना तो भागाकार ठाऊक होता. चळवळीचे आकडे मात्र बेरजेतच जाहीर होत राहिले.