हात वर करण्याआधी

सांगोल्याच्या माणसाला एका मताची किंमत समजावून सांगावी लागत नाही. ज्या मतदारसंघाने गणपतराव देशमुखांना ११ वेळा विधानसभेत पाठवलं, तिथेच १९९५ साली ते १९२ मतांनी पडले. २०१९ मध्ये त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले, ते ७६८ मतांनी हरले. एवढी मतं एखाद्या वाडीतही निघतात. म्हणून कोणती वस्ती मतदानाला आली आणि कोणती घरी राहिली, हा हिशोब इथे पारावरच्या म्हाताऱ्यालाही तोंडपाठ असतो.

आज सकाळी मनात आहे ते मताच्या आधीचं बोलणं. माणसं मोकळी कधी बोलतात आणि गप्प कधी बसतात?

ग्रामसभेचंच बघा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी तेवढी माणसं जमली की गणसंख्या भरते. ४०० मतदारांच्या गावात ६० जण लागतात, म्हणजे साधारण सातांतला एक. ४,००० मतदारांच्या गावात १०० पुरतात, म्हणजे चाळिसांतला एक. सभा तहकूब झाली तर पुढच्या बैठकीला तीही अट उरत नाही. गाव जितकं मोठं, तितकी त्याच्या वतीने बोलणारी माणसं मोजकी, आणि बहुतेक वेळा तीच ती.

लहान गावात शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकलेली असते. ग्रामसेवक भाऊसाहेब मागचं इतिवृत्त वाचतात, सह्यांचं रजिस्टर हातोहात फिरतं. पाण्याचा विषय निघतो आणि कालव्याच्या फाट्याच्या टेलला, म्हणजे शेवटाला, राहणारा एक जण उठतो. त्याची विहीर कधी आटली, डाळिंबाची बाग त्याने कोणत्या उन्हाळ्यात उपटून टाकली, हे त्या साठ माणसांना माहीत असतं. तो अडखळला तरी ऐकून घेतात, आणि वरच्या अंगाला पाणी घेणाऱ्याला त्याच्याकडे बघून उत्तर द्यावं लागतं. तीच सभा तीनचारशेंची झाली की माइक येतो, आणि माइकवर बोलायची सवय असलेले पुढे सरकतात. टेलचा माणूस भिंतीला टेकून उभा राहतो. शेवटी ‘मंजूर, मंजूर’ मात्र दोन्हीकडे सारखंच होतं. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये आता १,०२४ जण मावतात. तिथे पहिल्या दोघांनी अंगठा दाखवला की तिसरा वेगळं लिहायला धजत नाही.

हात वर करून मत द्यायचं म्हणजे भावकीसमोर, सोसायटीच्या चेअरमनसमोर, दूध घेणाऱ्यासमोर द्यायचं. बायकांना तर सासऱ्यासमोर. म्हणून नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं कायद्यानेच सांगितलं आहे. ती कागदावर उरकली जाते तिथे गावाचं फार मोठं नुकसान होतं, असं मी मानतो.

या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते दारूबंदीच्या मतदानाने. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की उभी बाटली की आडवी बाटली, यावर गुप्त मतदान होतं. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मतं लागतात, आणि तीही झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या. समजा, गावात १,००० बायका आहेत. ४९० जणींनी आडवी बाटली निवडली आणि उभीला अवघी वीस मतं पडली, तरी दुकान चालूच राहतं. पोटासाठी बाहेरगावी गेलेली, बाळंतीण, आजारी अशी प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने धरली जाते. ही अट मला निर्दयी वाटते. पण तिच्यामुळेच बायका महिना महिना घरोघर फिरतात, जी येणार नाही म्हणते तिच्या चुलीपाशी बसतात, तिची अडचण काय ते विचारतात. नुसते हात वर करून भागलं असतं, तर त्या उंबऱ्यावर कुणी गेलं असतं का?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने मोजणीच बाजूला ठेवली. ग्रामनेते देवाजी तोफा यांच्या या गावात सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय होत नाही, आणि एकमताआधी अभ्यासगटात विषय कुटला जातो. शंभरेक घरांचं गाव आहे म्हणून हे जमतं. सांगोला शहरात ते जमायचं नाही. शिवाय एकमतालाही जपावं लागतं. २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. बिनविरोध म्हटलं की आपण कौतुक करतो. तो विरोध मिटला कसा, हेही विचारायला हवं.

आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याच्या क्षेत्रात एखाद्या पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. माणदेशातल्या आपल्या वस्त्याही तशाच लांब लांब विखुरलेल्या आहेत. मुख्य सभेच्या दोन दिवस आधी प्रत्येक वस्तीने आपल्यापुरतं बसायला काय हरकत आहे? वीसपंचवीस माणसं, त्यांत बायका निम्म्या, आणि पाण्याबद्दलचं म्हणणं एका कागदावर. तो कागद वस्तीवरच्याच कुणीतरी ग्रामसभेत उभं राहून वाचावा आणि इतिवृत्तात जसाच्या तसा उतरवून घ्यावा.