न घेणाऱ्याला काय द्यावं?

माझे सासरे खालापूरला राहतात. काहीही दिलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मला कशाला?" शालींची घडीसुद्धा मोडलेली नाही. माझी धाकटी जाऊ वसईची, ख्रिस्ती. नाताळ जवळ आला की तिचा घोर सुरू, "ताई, बाबांना काय घेऊ?"

गीतेचा सतरावा अध्याय सात्त्विक दान सांगतो: परतफेडीची आशा न धरता, देश-काळ-पात्र पाहून दिलेलं. पण पात्रालाच काही नको असेल तर? मत्तयाच्या शुभवर्तमानात ज्ञानी लोक बाळ येशूपुढे सोनं, ऊद, गंधरस ठेवतात. तान्ह्या बाळाला त्याचं काय? ते गरज भागवायला आलेच नव्हते, नमस्काराला आले होते. आपल्या शेजारच्या पेण तालुक्यात, गागोद्याला जन्मलेले विनोबा १९५१पासून भूदान मागत फिरले, तेव्हा दान म्हणजे उपकार नव्हे, वाटणी, असं सांगत. मला हेच सर्वांत खरं वाटतं. बाबा वस्तू नाकारत नाहीत, उपकार नाकारतात.

म्हणून यंदा वस्तू द्यायची नाही, मडक्यात शेंगा भाजायच्या, पोपटी लावायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. जाऊबाईंनी बाबांना एवढंच म्हटलं, "मला येत नाही, तुम्ही शिकवा." बाबा लगेच मडकं शोधायला उठले. नाताळपर्यंत शेंगा भरल्या नाहीत, तर ६ जानेवारीला त्याच ज्ञानी लोकांचा, म्हणजे तीन राजांचा सण आहेच.