पहिली चूक वर असते

लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत आकाराला आणली. १९६२ मध्ये तिथल्याच टिम हार्ट आणि माइक लेविन यांनी तिचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला. इंटरप्रिटर आधीपासून होता. त्याच्या आधाराने हा कंपायलर चालला आणि त्याने स्वतःलाच कंपाइल केलं. नवं उभं राहायला जुन्याचा हात लागतो, हे त्या कामाने स्वच्छ दाखवलं.

आजही एसबीसीएलसारखा लिस्प कंपायलर सोर्सवरून बांधायचा, तर मशीनवर आधी एखादा कॉमन लिस्प लागतो. जुना एसबीसीएल चालतो, क्लिस्प चालतो, ईसीएलही चालतो. हा यजमान लिस्प आधी क्रॉस-कंपायलर तयार करतो. त्यानंतर सी भाषेतला रनटाइम बांधला जातो. मग क्रॉस-कंपायलर उरलेला सोर्स कंपाइल करतो, त्यातून प्राथमिक कोअर फाइल बनते आणि नवा लिस्प तिच्यावर उभा राहून आपलं राहिलेलं काम स्वतः पुरं करतो.

बिल्ड फसला, की डोळे पडद्याच्या तळाशी जातात. तिथे मेक या बिल्ड चालवणाऱ्या साधनाने एवढंच लिहिलेलं असतं: एरर १. ती ओळ फक्त काम थांबल्याचं सांगते. कारण बरंच वर असतं. कोअर कॉम्प्रेशनचा पर्याय निवडून बिल्ड लावला आणि सी रनटाइमच्या टप्प्यावर अडला, तर वर सरकत गेल्यावर एखादी साधी ओळ सापडते: झेडस्टँडर्ड या कॉम्प्रेशन लायब्ररीची हेडर फाइल मिळाली नाही. लायब्ररी मशीनवर असते, पण हेडर असलेलं डेव्हलपमेंट पॅकेज टाकलेलं नसतं. ते टाकलं की गाडी पुढे सरकते. इथे लिस्पच्या हजारो ओळींत एकही दोष नव्हता.

काम पहिल्याच टप्प्यात थांबलं असेल, तर नव्या कंपायलरला बोल लावण्याआधी यजमान लिस्प तपासावा. तो फार जुना असेल, अर्धवट बसवलेला असेल. दही नीट लागलं नाही, तर दुधाला नावं ठेवण्याआधी विरजण पाहावं, तसंच हे. काम कुठल्या टप्प्यावर थांबलं हे कळलं, की निम्मं उत्तर हाती येतं.

मला या कामातली ही शिस्त फार मोलाची वाटते. घरात किंवा ऑफिसात काही बिनसलं, की शेवटी ज्याच्या हातात काम होतं त्याच्यावर खापर फुटतं. तो बिचारा अनेकदा तळाची ओळ असतो. गोष्ट पहिल्यांदा कुठे अडली हे विचारायला मागे जावं लागतं आणि मागे जायला सबुरी लागते.

कंपायलर बांधणारी माणसं सगळं आउटपुट फाइलमध्ये साठवतात, पहिली चूक शोधतात, जुने अवशेष साफ करतात, एका वेळी एकच बदल करतात आणि पुन्हा चालवून पाहतात. एकदम चार बदल केले, तर बिल्ड पार पडला तरी कशाने पडला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी गाडं पुन्हा तिथेच अडतं. आज काही अडलं, तर आधी पहिली चूक शोधू या. ती सापडली, की पुढच्या कित्येक चुका आपोआप गळून पडतात.