कुत्र्यासाठी हं!

कळंब्यात आता दोन तऱ्हेची कुत्री आहेत. तळ्याच्या बांधावर सकाळी पट्ट्याला बांधून फिरायला येणारी, आणि त्यांच्यावर भुंकणारी. गारगोटी रस्त्याच्या दोन्ही अंगांनी अपार्टमेंट उठली, उसाच्या रानांचे प्लॉट पडले, तशी पहिल्या तऱ्हेची वाढली. संस्थानच्या काळात ज्या तळ्यानं कोल्हापूरला पाणी पाजलं, त्या तळ्यावर आता कोल्हापूर चालायला येतं. आमचा टिप्या या दोन्हींच्या मधला. जन्म उकिरड्यावरचा, मुक्काम आमच्या सोप्यात.

पूर्वी कुत्र्याला काय घालायचं हा प्रश्नच नव्हता. शिळी भाकरी ताकात कुस्करायची, रविवारी ताटातली हाडं टाकायची, संपलं. वडील जेवायला बसले की पहिला घास गाईचा काढत आणि शेवटचा कुत्र्याचा ठेवत. गाय पहिली, कुत्रं शेवटचं, मधे आपण. ही वाटणी घरोघरी होती आणि कुणाला तिच्याविषयी शंका नव्हती. त्यावर कुत्री जगत. किती वर्षं जगत, हे मोजायची पद्धत नव्हती.

टिप्याला गेल्या साली खाज सुटली. पोटाखालचे केस गेले, कान लाल झाले, पाय चाटून चाटून त्यानं जखमा केल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "खाण्याची ॲलर्जी दिसते. आठ आठवडे एकच मांस आणि एकच धान्य द्या. दूध-ताक बंद. चिकन नको, बकऱ्याचं नको, ते यानं जन्मभर खाल्लंय. कधी न खाल्लेलं द्या." विकतच्या पिशव्या पाहिल्या तर बहुतेकांत कोंबडीच. राहता राहिलं मोठ्याचं. म्हणजे म्हशीचं.

हे शिजवणं अवघड नाही, पण कोल्हापूरच्या माणसाला अवघड जातं. मांस म्हटलं की आमचा हात आपोआप कांदा-लसूण चटणीच्या बरणीकडं जातो. आणि नेमका कांदा-लसूणच कुत्र्याला विष. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मीठ नाही, तिखट नाही, फोडणी नाही. नुसत्या पाण्यात मांसाचे तुकडे मऊ शिजवायचे, त्याच पाण्यात तांदूळ टाकायचा. शिजवलेलं हाड अजिबात नाही, त्याच्या कपच्या होतात आणि आतडं फाडतात. हाड नाही म्हणजे कॅल्शियम नाही, म्हणून अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, खलबत्त्यात पिठासारखी कुटायची आणि अर्ध्या किलो मांसाला साधारण अर्धा चमचा घालायची. आठ आठवडे पार पडले की लाल भोपळा, गाजर, आठवड्यातून एकदा काळजाचे दोन तुकडे. काळीज जास्त झालं तर तेही बाधतं. टिप्या वीस किलोचा, त्याला दिवसाला अर्धा किलोभर शिजलेलं अन्न लागतं. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात असलं फिक्कं काहीतरी शिजवताना स्वयंपाकाचा अपमान केल्यासारखं वाटतं. टिप्याला तसं काही वाटत नाही.

अडचण होती ती आईची. आई माळकरी. ऐंशी उलटली, पण आळंदीचं नाव निघालं की उठून बसते. तिला विचारल्याशिवाय पातेलं चढवणं शक्य नव्हतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरात आणू नगंस. परड्यात चूल मांड, भांडं येगळं ठेव. मुक्या जिवाला औषध हाय म्हनतोस तर दे जा."

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी चुलीपुढं बसलेला असताना ती काठी टेकत परड्यात आली. लांबच उभी राहिली.

"एक इचारतो, सांग. आपली चंद्री असंल का रं ह्यात?"

चंद्री आमची म्हैस. नऊ वेतं झाली, मग गाभ धरेना. भाकड म्हशीला बसून वैरण घालणं दोन एकरांच्या शेतकऱ्याला झेपत नाही, तशी ती वडगावच्या बाजारात गेली. बाजारात विकणारा "कुठं नेणार?" असं विचारत नाही आणि घेणारा सांगत नाही. दावं मात्र सोडून घरी आणायचं, ते विकायचं नसतं. चंद्रीचं दावं अजून गोठ्यातल्या खुंटीला आहे. तिला जाऊन तीन वर्षं झाली, त्यामुळं "नाही गं आई, ती नसंल" हे माझं उत्तर खरंच होतं. पण आई काही तारखा विचारत नव्हती.

तो प्रश्न मला सोडेना, म्हणून मी त्याच्या मागं लागलो.

लोकांनी दिलेली पहिली पळवाट अशी, की कुत्रं मांस खाणाराच प्राणी, त्याचा धर्मच तो, तुमच्याकडं दोष येत नाही. हे अर्धंच खरं आहे. 2013 साली स्वीडनच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की लांडग्याचं कुत्रं होताना त्याच्या अंगात पिष्ट पचवायची ताकद वाढली. माणसाच्या उंबऱ्यावर राहून ते भाकरी पचवायला शिकलं. मांजराचं तसं नाही, त्याचं मांसाशिवाय भागत नाही. थोडक्यात, कुत्र्याच्या स्वभावावर सगळा भार टाकता येत नाही. मांस मी आणतो, चूल मी पेटवतो.

दुसरी पळवाट कायद्याची. गाय नाही ना, मग झालं. महाराष्ट्रात गोहत्याबंदी 1976 च्या कायद्यानं आली. 1995 साली केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली 2015 मध्ये, आणि वळू-बैलही त्यात आले. उच्च न्यायालयानं 2016 साली ही बंदी कायम ठेवली. म्हैस-रेडा त्यात नाही, दाखला घेऊन कापता येतो. म्हणजे आमच्याकडं कुणी 'बीफ' म्हणून आवाज चढवला, तरी कायद्यानं दुकानात मिळतं ते म्हशीचंच. 2024 मध्ये सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' केलं. म्हशीला कुणी मावशीसुद्धा म्हटलं नाही.

खरं तर कोल्हापूर उभं आहे ते म्हशीवर. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला माणसं जातात ती म्हशीच्या. दिवाळी पाडव्याला गवळी म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून रस्त्यावर आणतात आणि मालकाच्या मोटारसायकलीमागं ती धूड जनावरं पोरासारखी धावतात. नावानं हाक मारली की गर्दीतून वाट काढत येतात. असं प्रेम मी कुठल्या राज्यमातेवर होताना पाहिलेलं नाही. आणि तीच म्हैस भाकड झाली की तिच्यासाठी मोर्चा नाही, गोशाळा नाही. आपली दया जनावराच्या वेदनेकडं बघून ठरत नाही, नावाकडं बघून ठरते. हे मी कुणावर ठेवणीतला आरोप म्हणून लिहीत नाही. गाय वाचवणाऱ्यांचा कळवळा खोटा आहे, असंही मी म्हणणार नाही. फक्त तो दाव्याच्या लांबीइतकाच जातो.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्या कुत्र्याच्या डब्यावर 'बीफ' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि तिकडं ते गाईगुरांचंच. घरात तो स्वतः बीफ खात नाही, चतुर्थी धरतो. मी फोनवर विचारलं तर म्हणाला, "मामा, ते डॉग फूड आहे." डबा असला की ते मांस राहत नाही, खाद्य होतं. आम्हाला कळंब्यात ही सोय नाही, आम्हाला दुकानापुढं उभं राहावं लागतं.

त्या दुकानाविषयी लिहायलाच हवं. शहरातलं दुकान आहे, जागा सांगत नाही. सकाळी लवकर रांग असते. त्यात मोलमजुरी करणाऱ्या बायका असतात, रिक्षावाले असतात, बकऱ्याच्या मटणाचा भाव ऐकूनच पोट भरतं अशी माणसं असतात. आणि मधूनच एखादी चारचाकी थांबते. उतरलेला माणूस आत यायच्या आधीच सांगतो, "एक किलो द्या. कुत्र्यासाठी हं!" कुणी विचारलेलं नसतं. कापणाऱ्याला मांस कुणासाठी याच्याशी देणंघेणं नसतं. तो 'हं' रांगेसाठी असतो. मी तुमच्यातला नव्हे, हे सांगणारा.

एकदा असाच 'हं' आला, तेव्हा पुढं उभी असलेली एक बाई मागं न बघता तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली, "मला अर्धा किलो दे रे दादा. माझ्या लेकरांसाठी हं!"

कुणी हसलं नाही. चारचाकीवाला मोबाइलमध्ये बघू लागला. कापणाऱ्यानं तिला आधी दिलं.

ज्या शहरात शाहू महाराज गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात सगळ्यांदेखत चहा प्यायले, त्या शहरातली ही रांग. महाराजांना चहाची तलफ आली म्हणून ते तिथं गेले नव्हते. कुणाच्या हातचं आणि कुणासारखं खाल्लं की माणूस बाटतो, हा हिशेबच त्यांना मोडायचा होता. तो हिशेब अजून मोडलेला नाही, हे त्या एका 'हं'मध्ये कळतं. टिप्याच्या पातेल्यात म्हशीशिवाय आणखी कुणाचा अपमान शिजत नाही ना, हे बघणंही माझंच काम आहे. तेव्हापासून मी किती हवं तेवढंच सांगतो. कुणासाठी, हे नाही. रांगेतल्या कुणाला मी घरी खातो असं वाटलं, तर वाटू दे.

पण म्हशीचा प्रश्न उरतोच. आणि तो पातेल्यात नाही, दुधाच्या किटलीत सुरू होतो. म्हैस दहा महिने पोटात वाढवून रेडी घातली तर घरात आनंद. रेडकू नर निघालं तर सगळे गप्प. शेतकामाला त्याचा उपयोग उरलेला नाही, आणि ते प्यायलेलं दूध डेअरीच्या मापात कमी येतं. मग त्याला जरा कमी पाजलं जातं, आणखी जरा कमी, आणि एक दिवस ते उठत नाही. कुणी मारलं असं म्हणता येत नाही. कापणाऱ्याच्या दुकानात निदान सुरी दिसते. टिप्याच्या पातेल्यात पाप असलंच, तर ते आमच्या चहाच्या कपातून तिथं आलेलं आहे. चहा आई पण पिते. हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही, पण तिला सांगावं लागलंच नाही.

एका संध्याकाळी टिप्या परड्यात चाटूनपुसून खात होता. केस परत यायला लागले होते. आई बघत बसलेली. म्हणाली, "नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं पळाला. कोरडी भाकरी खाऊ नगं म्हनून." मी म्हटलं, होय. मग बराच वेळ थांबून म्हणाली, "आन् ज्ञानोबांनी कुनाला येद बोलाय लावलं?"

रेड्याला. पैठणच्या रेड्याला आसूड बसला आणि वळ ज्ञानोबांच्या पाठीवर उठले, हे आम्ही तिच्याच मांडीवर ऐकलेलं. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे, वारकरी तिथं डोकं टेकतात. कुत्र्याला तूप द्यावं हे एका संतानं दाखवलं आणि रेड्याचा वळ आपला मानावा हे दुसऱ्यानं. दोघांना एकाच दिवशी मानायचं तर परड्यातल्या त्या चुलीवर काय चढवायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. कीर्तनात ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या संध्याकाळी सांगतात.

डॉक्टर म्हणतात, आता एकेक जुना पदार्थ परत देऊन बघा. बाजरीची भाकरी सोसली. अंडं सोसलं. चिकन दिलं त्याच रात्री कान लाल. म्हणजे मांस द्यायचंच तर म्हशीचं. मी ते निम्म्यावर आणलंय, बाकी भात, भोपळा, अंडं. टिप्याचं वजन टिकून आहे. त्याहून कमी करावं का, हे महिन्याभरात बघू.

श्रावणात आमची धाकटी म्हैस व्याली. रेडकूच झालं, नर. आईनं त्याच दिवशी मुलाला बजावलं, "एक सड त्याचा. किटली कमी भरली तर माझा च्या बंद करा." मुलानं कागदावर हिशेब मांडून दाखवला, रोजचं दीड लिटर, महिन्याचे एवढे, वर्षाचे तेवढे. त्याचा हिशेब बरोबर आहे, मी तपासला. दलाल दोनदा येऊन गेला. रेडकू आता अडीच महिन्यांचं आहे, दाव्याला हिसडे देतं, आणि टिप्या त्याच्या अंगाला टेकून झोपतो. आई चहा कोरा पिते. पुढच्या महिन्यात काय, यावर घरात अजून बोलणं झालेलं नाही.