मातीला झेपेल असाच वीर घडव

पेण

चि. सानिका हिस,


तुमच्या खेळातली धातूची मिनिएचर्स, म्हणजे पटावरच्या चिमुकल्या मूर्ती, परवडत नाहीत, म्हणून पेणच्या आपल्या गणपतीच्या कारखान्यात काही जमेल का, असं विचारलंस. जमेल. मात्र आधी एक ऐक. तुमचा हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळ १९७४ साली आला. त्याच्या कर्त्यांपैकी गॅरी गायगॅक्स यांनी पटावर राक्षस म्हणून हाँगकाँगी बनावटीची स्वस्त प्लास्टिकची खेळणी ठेवली होती. त्या ओबडधोबड खेळण्यांवरूनच खेळातले आऊलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर हे प्राणी जन्मले. तेव्हा स्वस्तात खेळताना कमीपणा वाटून घेऊ नकोस.

पटावर मूर्तीला दोनच कामं: कोण कुठे आहे ते दाखवायचं आणि समोरच्या गड्याला चटकन ओळखू यायचं. त्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागदही पुरतो. सव्वा इंच उंचीचं चित्र पुढून-मागून काढ, खाली घडी घाल आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या इंचभर रुंद वॉशरवर चिकटव. तुमच्या पटाचा चौकोन इंचाचाच असतो, त्यात तो बरोबर बसेल आणि वजनामुळे पंख्याच्या वाऱ्याने पडणार नाही.

आता शाडू. इथे सगळे एकच चूक करतात, धातूची नक्कल. उगारलेली तलवार, फाकलेले पाय, उडता शेला हे धातूला शोभतं. न भाजलेल्या शाडूत ते सुकतानाच तुटतं. आमच्या लहान गणपतीची सोंड बहुधा पोटाला किंवा हाताला टेकलेली असते. ती शोभेसाठी असते तशीच मोडू नये म्हणूनही असते. तुझ्या योद्ध्याची तलवार छातीशी धर, ढाल अंगाला चिकटव, झगा जमिनीपर्यंत सोड म्हणजे पाय घडवायलाच नकोत. आत तार घालू नकोस. माती सुकताना आकसते, तार आकसत नाही, मग तडा जातो. त्यापेक्षा चिमूटभर कापूस मातीत मळून घे. डोकं आणि हात प्रमाणापेक्षा थोडे मोठे ठेव, म्हणजे लांबून दिसतील.

एकसारखे वीसेक गॉब्लिन राक्षस हवे असतील तर साचा कर. एक गॉब्लिन पाठीकडून सपाट घडव, त्यावर साबणाचं पाणी लाव आणि प्लास्टर ओत. आत वळलेल्या खाचा ठेवू नकोस, नाहीतर मूर्ती साच्यात अडकेल. साचा पूर्ण वाळला की शंखजिरं भुरभुरव आणि शाडू दाबून भर. प्लास्टर मातीतलं पाणी शोषतं, माती जराशी आकसते आणि गॉब्लिन सुटून येतो. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नकोस, तिथेच घट्ट होऊन बसेल.

वाळल्यावर फेविकॉलच्या पाण्याचा हात दे, मग रंग. पेणमध्ये डोळ्यांच्या आखणीला फार मान आहे, पण नखाएवढ्या चेहऱ्यावर बुबुळं काढायला जाऊ नकोस. भुवईखाली एक गडद रेघ पुरते.

एक गोष्ट मात्र बिलकूल करायची नाही. मासेमारीच्या जाळ्याला लावायचं शिसं वितळवून घरी मूर्ती ओतू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. जुनी धातूची मिनिएचर्स शिशाची असत, हे खरं. पण शिशाचा धूर आणि भुकटी विषारी.

पहिल्या डावाला सगळे कागदाचेच घ्या. कितीतरी वीर पहिल्याच गुहेत मरतात, त्यांच्यासाठी माती कशाला मळायची? जो चार-पाच डाव जगेल, ज्याच्या करामती तुम्ही रोह्याला शाळेच्या वाटेवर एकमेकांना सांगू लागाल, त्याचीच मूर्ती घडव. तोवर तो कसा उभा राहतो, काय धरतो, कुणाला घाबरतो हे तुला ठाऊक झालेलं असेल. दुकानातल्या मूर्तीला हे कुठून माहीत असणार?

पुढच्या सुट्टीत मेमूने ये. शाडू मी भिजवून ठेवतो.

तुझा,
आजोबा